नारबोदला दिलेलं नाव

फोन आला तेव्हा मी नागपूरला मुलाच्या, प्रवीणच्या घरी नातीची वेणी घालत होते. शाळेच्या रिक्षाची वेळ झालेली, वेणीचे पेड माझ्या बोटांत, आणि फोन स्वयंपाकघरात वाजून वाजून थकलेला. प्रवीणने शेवटी उचलला, स्पीकरवर लावला. गावाकडचा शेजारी भूमेश्वर होता. "दादा, गुरुजी उठून नाही राहिले," तो म्हणाला. मी इकडूनच ओरडले, अरे मग हलव की जरा, गोळी घेतली की गाढ झोप लागते त्यांना...  तो म्हणाला, "काकी, ओट्यावर खुर्चीतच बसून हायेत. पेपर मांडीवर हाय. हलवून पाह्यलो मी." मी नातीची वेणी पूर्ण घातली. रिबिनीचं फूलही नीट बांधलं. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही.

भाड्याची गाडी करून मी आणि प्रवीण पुढे निघालो, सून आणि नात दुपारून येणार होत्या. साकोली मागे पडली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांत रोवणी चाललेली, बाया कमरेत वाकलेल्या, आणि ही सगळी हिरवळ पाहून मला उलट संतापच येत होता. सडक अर्जुनीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा प्रवीणने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, नारबोद किती दिवसांवर आहे गं?" बाप गेला आणि पोरगा सणाची चौकशी करतोय, म्हणून ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी प्रवीणला म्हटलं, "गप बैस." त्याने का विचारलं ते मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तीन आठवड्यांवर होती नारबोद. माझं मनात केव्हाच मोजून झालं होतं.

गुरुजी म्हणजे माझे यजमान. नाव टेकचंद, पण गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या त्या गावात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सासूबाईसुद्धा आपल्या पोटच्या पोराला गुरुजी म्हणायच्या, मग मी कशाला मागे राहते! मी गोंदिया शहरातली, हिंदीत भांडणारी आणि मराठीत रडणारी. लग्न होऊन आले तेव्हा पळसाची फांदी कुठली आणि सागाची कुठली हेही मला कळत नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद निघते. पळसाच्या फांद्या, चिंध्या आणि मातीचं तोंड असलेली एक बाई तयार करायची, पोरांनी ती दोरीने ओढत गल्लीगल्लीतून न्यायची, प्रत्येक दारातली पळसाची डहाळी उचलायची आणि सगळं गावाच्या शिवेवर नेऊन पेटवून द्यायचं. जाताना ओरडायचं, "खासी, खोकला घेऊन जाय गे नारबोद! ढेकून, मच्छर घेऊन जाय गे नारबोद!" पावसाळ्यातली सगळी रोगराई एका बाईच्या डोक्यावर लादून तिला गावाबाहेर काढायचं. दुपारी मग लहान पोरांचा तान्हा पोळा, लाकडाचे बैल, खाऊ. मला तर पहिल्याच वर्षी हा सण भारी आवडला होता. आमच्या गोंदियात एवढा धिंगाणा कुठला?

पण आमच्या घरात नारबोद नव्हती. रजनी आणि प्रवीण झाले, चालू-पळू लागले, आणि मग मला ते खटकायला लागलं. पोळा आमच्याकडे थाटात व्हायचा. बैलांना झूल, शिंगांना रंग, वडे, करंज्या, सगळं. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटेच्या पहिल्या एसटीने गुरुजी आम्हा तिघांना घेऊन गोंदियाला, माझ्या माहेरी. संध्याकाळी परत. दरवर्षी! माझी आई चेष्टा करायची, "जमाईबाबू, हर साल बैल पूजके भागते हो क्या?" ते नुसते हसायचे. पोरं एसटीच्या खिडकीला नाक लावून बघत राहायची. दारादारांत पळसाच्या डहाळ्या, कुठे दोरी वळणं सुरू, कुठे चिंध्या बांधणं. मी भांडायची. म्हणायची, सगळ्या गावाची पोरं जातात, आपलीच काय आभाळातून पडली का? त्यांचं एकच उत्तर, "मले नाही पटत." पटत नाही तर का पटत नाही ते सांगा ना! शाळेत चाळीस पोरांना भागाकार समजावून सांगणारा माणूस घरात एका वाक्यावर अडून बसायचा.

रजनी अकरा वर्षांची झाली त्या वर्षी तिनेच त्यांना गाठलं. "बाबा, आपल्याच घरी काऊन नाही? आपण कोण लागून गेलो?" ते उठून बैलांच्या कोठ्यात गेले. पोळ्याच्या आदल्या दिवसाची सांज होती, बैलांचे खांदे शेकायची. मी हळदीची वाटी घेऊन मागोमाग गेले, म्हटलं आज सोक्षमोक्षच लावते. त्यांनी बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळत चोळत, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. ते दहा वर्षांचे असताना एका पावसाळ्यात गावातली दोन लेकरं तापाने गेली होती. आमच्या घरापासून चौथ्या घरात सगुणाकाकी राहायची. तिशीच्या आतच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लोक कुजबुजायला लागले की ही टोनही आहे, जादूटोणा करते. त्या वर्षी नारबोद तिच्या दारासमोर आली तेव्हा सगळ्यांत पुढे होता टेकचंद, त्याचा आवाज गावात सगळ्यांत मोठा. तो ओरडला, "सगुनीले घेऊन जाय गे नारबोद!" कोणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं. त्याच वेळी ती पोरांना वाटायला वड्यांची थाळी घेऊन दारात आली होती... थाळी हातात तशीच, आणि मागे उभे असलेले मोठे लोक हसले.

"तुम्ही दहा वर्षांचे होते हो," मी म्हटलं. "होतो ना," ते म्हणाले. "पण मोठे हसले अन् मी आनखी जोरानं ओरडलो. थे कसं विसरू?" पुढच्या वर्षापासून तिचं नाव दरवर्षीच घेतलं जाऊ लागलं. खासी, खोकला, सगुणी. तिने नारबोदच्या दिवशी दार उघडणंच बंद केलं. आणि हा माणूस मोठा झाला, मास्तर झाला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी चार घरांवरच्या त्या दारासमोरून कधी गेला नाही. मागच्या वाडीतून, चिखल तुडवत जायचा. मला वाटायचं याला आडवाटेचा शौक आहे!

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. पण मी पडले जिभेची तिखट. म्हटलं, "चूक तुमची, अन् शिक्षा माझ्या लेकरांना?" त्यांचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. "शिक्षा नाही वं. लस हाय समज." मी म्हटलं, लस टोचतात, लेकराला कोंडून नाही ठेवत. त्यांना समजावून सांगा, मग पाठवा. ते म्हणाले, "चार पोट्टे जमले का घरचं शहाणपण घरीच राह्यते. मी पाहून चुकलो." आईबाप म्हणून आमचं बहुतेक गोष्टींत जमायचं. कोणत्या शाळेत घालायचं, कोणाशी कसं बोलायचं, देवाला किती मानायचं... इथे मात्र दोघंही हटून होतो. आज वाटतं, दोघंही बरोबर होतो, आणि म्हणूनच सगळं चुकलं.

दोन वर्षांनी रजनी शिकायला माझ्या माहेरी राहत होती. प्रवीण नऊ वर्षांचा. ऐन नारबोदच्या आदल्या दिवशी, पोळ्याचे बैल पूजून होताच, गुरुजींना तिरोड्याला शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला जावं लागलं, मुक्काम तिकडेच. जाताना मला बजावून गेले, "सकारी पोराले घेऊन गोंदियाले जाजो." मी मान हलवली. आणि सकाळी एसटी भोंगा वाजवत आली तेव्हा मी चुलीपुढे बसून राहिले. प्रवीण दारात उभा, कान गल्लीकडे, डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, "जा. पण कोणाचं नाव घ्यायचं नाही. खासी-खोकला, बस." पोरगा असा पळाला की चप्पलही घातली नाही. मला काय आनंद झाला होता त्या सकाळी! वाटलं, बघा, एक दिवस माझ्या मनासारखा झाला, काय आभाळ कोसळलं?

नारबोद आमच्या ओट्यासमोर आली. मी पदर खोचून कौतुकाने बघायला बाहेर आले. पोरं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, दोरी ओढणाऱ्यांत माझा प्रवीण सगळ्यांत पुढे. खेळच चालला होता त्यांचा, प्रत्येकाने ज्याचा राग आहे त्याचं नाव घ्यायचं. कोणी मारक्या मामाचं घेतलं, कोणी कोतवालाचं. मग प्रवीणची पाळी आली. आणि माझ्या लेकराने बापासारख्याच खणखणीत आवाजात आमच्याच घराकडे तोंड करून आरोळी ठोकली, "माह्या बाबाले घेऊन जाय गे नारबोद!"

सगळी पोरं हसली. समोरच्या ओट्यावरची दोन मोठी माणसंही हसली. मी उतरले, त्याला कानाला धरून घरात आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. "सगळ्याईनं एकेक नाव घेतलं. माह्याजवळ कोणाचंच नव्हतं," तो म्हणाला. "मले बाबाचाच राग आला होता." मी त्याचे पाय धुतले, कपडे बदलले आणि म्हटलं, बाबाला यातलं अक्षरही सांगायचं नाही, शपथ घे. घेतली बिचाऱ्याने, गळ्याला हात लावून. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगितलं. नऊ वर्षांच्या पोराच्या मुठीत मी काय झाकून दिलं, याचा विचार काही केला नाही.

गुरुजी पाचच्या एसटीने आले. पिशवी ठेवली, चहा नको म्हणाले, "येतो" म्हणून बाहेर पडले. दिवेलागणीला परतले तेव्हा रुमालाने बोटं पुसत होते. जेवायला बसले आणि दोन घासांत उठले, भूक नाही म्हणे. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. कळलं की काय? पण चेहरा शांत होता. हात धुता धुता म्हणाले, "पुढल्या सालापासून पोरगा जाईल नारबोदले. आपून थांबवायचं नाही." मी बघतच राहिले! म्हटलं, आता हे काय? तर म्हणाले, "एक अट हाय. कोणाचं नाव घ्याचं असंल तर माहं घ्याचं."

मला वाटलं, थट्टा. पण पुढल्या वर्षी नारबोद आली तेव्हा गुरुजी आपली ती लोखंडी, नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची ओट्यावर मांडून, तिच्या पाठीला एका हाताने धरून उभे. शेजारी टोपलीभर वडे, मला पहाटेपासून तळायला लावलेले. पोरांना म्हणाले, "का रे, नाव कोणाचं घेता? माहं घ्या! जोरानं घ्या!" पोरं आधी बावरली. मास्तरचं नाव कोण घेईल? मग एकाने धीर केला, "गुरुजीले घेऊन जाय गे नारबोद!" गुरुजींनी टाळी वाजवली. मग सगळी गल्ली ओरडायला लागली. ज्याच्या त्याच्या हातात वडा. लोक म्हणाले, गुरुजी येडे झाले. मीही तेच म्हणाले, जरा जास्त वाईट शब्दांत. पण हा प्रकार तेव्हापासून दरवर्षी झाला, बावीस-तेवीस वर्षं. गावातल्या पोरांना वाटायला लागलं की नारबोदची रीतच अशी असते, की गुरुजींच्या ओट्यासमोर थांबायचं आणि त्यांचं नाव घ्यायचं. दुसरं कोणाचं नाव घ्यायला वेळच उरत नसे. काही वर्षांनी सगुणाकाकीचं दारही त्या दिवशी उघडं दिसू लागलं. मी म्हटलं, म्हातारी झाली, विसरली असेल.

मी मात्र दरवर्षी त्या वेळी चुलीपाशी जाऊन बसायची. इतक्या आवाजांतून मला एकच आवाज ऐकू यायचा, नऊ वर्षांच्या पोराचा. मी चार बुकं शिकलेली बाई, अंगणवाडीत आयुष्य काढलं, ताप आला तर दवाखान्यात न्या म्हणून दारोदार सांगत फिरले. तरी वाटायचं, काळाला असं बोलावत राहिलं की एक दिवस येईलच ना? एकदा न राहवून म्हटलंही, "बंद करा हे अभद्र." ते हसले. "अवं, दरवर्षी नेते ना मले. अन् दरवर्षी मी घरीच."

आणि प्रवीण? ज्याच्यासाठी एवढं भांडले, तो त्यानंतर एकदाही नारबोदला गेला नाही. मोकळीक मिळाली तर हा मागच्या वाडीत जाऊन बसायचा. नोकरीला नागपूरला गेला आणि पोळ्याला येणंच सोडलं. त्याची मुलगी स्वरा झाली तेव्हापासून गुरुजी दर वर्षी फोन करायचे, पोरीला पोळ्याला आण रे. हा म्हणायचा, "आम्ही दोघांनी ठरवलंय बाबा. पुतळे जाळणं, नावं घेणं, हे तिला नको." अगदी बापाच्याच सुरात, मले नाही पटत. मी नागपूरला निघाले त्या सकाळी, म्हणजे आमच्या शेवटच्या भेटीत, गुरुजी त्याच खुर्चीत बसले होते. म्हणाले, "स्वराले यंदा तरी घेऊन ये म्हणा प्रव्याले." मी पिशव्यांच्या घाईत होते. तुम्हीच सांगा ना, असं म्हणून मी चालती झाले. त्यावर ते काहीतरी बोलले. एसटीच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही... काय बोलले असतील, याचा विचार करण्यात माझे आता दिवसच्या दिवस जातात.

तेरवी झाली त्या दुपारी पाहुणे पांगले. मी आणि प्रवीण ओट्यावर बसलो होतो, मध्ये ती खुर्ची. कोणी तिच्यात बसत नव्हतं आणि कोणी उचलतही नव्हतं. प्रवीण एकदम म्हणाला, "आई, मी त्यांचं नाव घेतलं होतं." मी म्हटलं, माहीत आहे. "तूच म्हणालीस सांगू नको म्हणून. मी सांगितलं असतं तर माफी तरी मागता आली असती." तेहतीस वर्षांचा बाप्या, पण गळ्याला तसाच हात लावलेला, शपथ घेताना लावला होता तसा. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. नेमकी त्याच वेळी काठी टेकत सगुणाकाकी आली. ऐंशी ओलांडलेली, पाठीचं धनुष्य झालेलं. ती आमच्या घराची पायरी चढल्याचं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं का काही, देव जाणे. बसली, दम घेतला आणि प्रवीणकडे बघून म्हणाली, "तू बापाचं नाव घेतलास, त्या दिशी सांजेले तुहा बाप माह्या घरी आलता."

 ती सांगत राहिली, चहाच्या गप्पा माराव्या तितक्या सहज. "नाक्यावरच कोनी सांगतलन् त्याले. दारात उभा राह्यला. म्हने, काकी, आज माह्या पोरानं माहं नाव घेतलन्. कसं लागते थे आज समजलं. अन् रडला. मी म्हटली, बस. तुह्या वाटनीचा वडा तवापासूनच राह्यला हाय, खाऊन जाय. खाल्लन् बापा, दोन खाल्लन्." मला ती पुसलेली बोटं आठवली. प्रवीणने कसंबसं विचारलं, "मग मला का नाही बोलले कधी?" काकी म्हणाली, "मीबी थेच म्हटली, पोराले सांग. तर म्हने, सांगतलं तर त्याले समजंल का मले मालूम हाय. मंग तो जलमभर माह्या तोंडाकडे पाहनार नाही, जसा मी तुह्याकडे नाही पाह्यलो. त्यापरस सगळ्या पोट्ट्याईलेच माहं नाव घ्याले लावतो. इतक्या आवाजात त्याचा एक आवाज कुठं राह्यते?"

मी त्या क्षणी गुरुजींवर इतकी चिडले की रडूच आटलं. अहो, मला तरी सांगायचं! चोवीस वर्षं एका घरात, एका ताटाशी बसून, मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून, आणि गोष्ट एकच! मी सांगितलं असतं तर पोरगा त्या दिवशीच बापाच्या गळ्यात पडला असता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काकी म्हणाली, "नाव घेतल्यानं मानूस जाते का वं? मंग मी कायले राहून राहिली अजून?" आणि आली तशी काठी टेकत निघून गेली. प्रवीण बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होता. मग दुसऱ्या दिवशी तो, सून, स्वरा नागपूरला गेले. मी नको म्हणत असतानाही घर खायला उठू नये म्हणून रजनी चार दिवस थांबली, मग तीही गेली.

यंदा आमच्याकडे सण नव्हता. घरात माणूस गेलेलं, कोणी अपेक्षाही करत नव्हतं. पण पोळ्याच्या संध्याकाळी प्रवीण स्वराला घेऊन दारात उभा. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, "ठरवलं आम्ही दोघांनी, न्यायचं." एवढंच. दुसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली आणि हात आपोआप डाळ वाटायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं. नऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी आरोळ्या सुरू झाल्या. स्वरा कधीच खाली पळून पोरांत मिसळली होती. मी वड्यांची टोपली घेऊन ओट्यावर आले, आणि नारबोद आमच्या घरासमोर येऊन थांबली. कोणी थांबवली नव्हती, सवयीने थांबली. पोरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. तीस-चाळीस पोरं आणि एक चकार शब्द नाही. माझ्या कानात मात्र तोच एक आवाज. वाटलं, आता या शांततेत दुसऱ्या कोणाचं तरी नाव येईल, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. मी म्हणणार होते, जा रे बाळांनो, यंदा काही नाही...

"का रे, काऊन चुप झाले?" माझ्या मागून आवाज आला. प्रवीण बाहेर आला होता. त्याने खुर्चीची पाठ एका हाताने धरली. चेहरा पांढराफटक पडलेला, पण आवाज खणखणीत. "माहं नाव घ्या. प्रवीण. जोरानं घ्या." पोरं घुटमळली. आणि मग गर्दीतून एक चिमणा, शहरी आवाज आला, "माझ्या बाबाला घेऊन जा गं नारबोद!" स्वरा होती. चिखलाने माखलेली, बापाकडे बघून खदाखदा हसत होती. प्रवीणने डोळे मिटले. मग टाळी वाजवली. सगळी गल्ली त्याचं नाव घ्यायला लागली, चौथ्या घराच्या दारात सगुणाकाकीने काठी वर केली, आणि माझ्या हातातली टोपली मला पेलेना.

नारबोद शिवेकडे गेली. प्रवीण पोरांबरोबर गेला, चोवीस वर्षांनी पहिल्यांदा. दुपारी स्वरा लाकडाचा बैल मांडीवर घेऊन गुरुजींच्या खुर्चीत चढून बसली, तान्हा पोळा केव्हा म्हणून विचारत. पट्ट्या मध्ये खचल्या आहेत, ती त्या खोलग्यात नीट मावली. उतर गं, आजोबांची खुर्ची आहे, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, मी ते गिळले. काकी म्हणते ते खरं आहे, नाव घेतल्याने कोणी जात नाही. मला पटतं. तरी तिन्हीसांजेला मी हातातलं काम टाकून सगळं घर फिरले, स्वयंपाकघर, कोठा, वाडी. प्रवीण विहिरीपाशी पाय धूत होता. मला बघून म्हणाला, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही. घरीच होता.